निर्यातीसाठी

जर्दाळूंच्या गावात पोराचं पोट अडावं,
ह्याला काय म्हणावं?
शेजारची दोन्दू डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरून हसते:
"मालात्यात राहून?"

पाच दिवस झाले.
येकता पडद्यामागे उभा आहे,
चवड्यांवर, पायाला पाय आवळून,
कपाळावर एक निळी शीर.
"बाबा, इकडे बघू नकोस."
कंटेनरला एकच खोली.
न बघायचं म्हणजे भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.
तो तसा, मी असा.

आधी यायचं त्याला सगळं.
स्वतःची चड्डी स्वतः काढायचा,
निळ्या पॉटीवर बसून
अंगणातल्या कोंबड्यांना हाका मारायचा.
ती पॉटी तिथेच राहिली, त्या पहाटे
जे जे राहिलं त्यात.
कोंबड्यांबद्दल तो विचारत नाही.
पॉटीबद्दल विचारतो.

डॉक्टर मेहतापने त्याच्या पोटावर बोटं ठेवली,
आम्ही फळावर ठेवतो तशी, पिकलं का ते बघायला.
म्हणाली, हट्ट नाही हा. एकदा दुखलंय त्याला,
म्हणून धरून ठेवतो. धरलं की कडक होतं,
कडक झालं की आणखी दुखतं.
पावडर लिहून दिली, रसात विरघळवायची.
जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, पाय टेकलेले हवेत.
आणि रागावू नका.
हे शेवटचं तेवढं तिने लिहून दिलं नाही.
द्यायला हवं होतं.

कारण मंगळवारी मी रागावलो.
तिसरी चड्डी होती ती, पाणी टँकरचं,
आणि दिवसभर गंधकाच्या धुरात उभं राहून माझे डोळे...
पण ही कारणं झाली.
बुधवारी कामावर निघताना
बुटात पाय घातला तर आत काहीतरी मऊ.
त्याची चड्डी. घडी करून.
तीन वर्षांच्या हातांना जमेल तशी घडी.
लपवायला घरात दुसरी जागाच नव्हती.
बूट हातात धरून मी बराच वेळ बसलो.
कामाची गाडी दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली.

त्या दिवशी जर्दाळूची एक फुटकी पेटी आणली,
खिळे ठोकले, कडा कानशीने घासल्या,
पाय टेकायला त्याचं स्टूल केलं.
पेटीवरचा शिक्का तसाच आहे: निर्यातीसाठी.
त्या अक्षरांवर टाचा आपटत तो बसतो,
समोर जमिनीवर मी, उकिडवा.
रात्रभर भिजवलेल्या जर्दाळूंचं पाणी तो पितो,
पण माझ्या चहाच्या पेल्यातून,
आणि मीही त्याच्या कपातून प्यायलो तरच.
माझं पोट हल्ली फार साफ असतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने माझा अंगठा धरला,
इतका घट्ट की नख पांढरं पडलं.
"बाबा, ते पडेल."
पडू दे.
"पडलं की काय होतं?"
हे त्या पहाटेनंतर
इथे कुणी कुणाला विचारलेलं नाही.
काही होत नाही, मी म्हणालो. आपण इथेच असतो.
मी खोटं बोलतोय का ते त्याने
माझ्या चेहऱ्यावर तपासून पाहिलं,
मग डोळे मिटले.

आवाज दोन्दूपर्यंत गेला असावा,
तिने पलीकडून पत्र्यावर दोन थापा मारल्या.
येकताने वाकून पाहिलं, हात हलवला,
आणि पाहुण्याला देतात तसा निरोप दिला:
"हसत हसत जा."

शनिवारी पुन्हा काही नाही.
रविवारी चादर ओली.
आज परत पडदा, परत चवडे,
मी परत भिंतीकडे.
फक्त आज तो पडद्याआडून विचारतो,
"बाबा, तू आहेस ना?"

दोन कंटेनरांच्या मधल्या दोरीवर
चार चड्ड्या वाळताहेत.
मी पेल्यात उद्याचे जर्दाळू मोजून टाकतो.
सहा.
नाही, सात. एक मला.